लकव्याच्या रुग्णाचा एमआरआय लवकर कसा होतो?

तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, की आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो. वारं वगैरे काही नसते. बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते आणि उपचार मिळेपर्यंत मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. लोणार-संग्रामपूरकडच्या खेड्यातून निघालेल्याचा बराच वेळ रस्त्यातच जातो.

दवाखान्यात आधी सीटी स्कॅन होतो. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरते. पुष्कळांना सीटी पुरतो. एमआरआयसाठी अडून बसू नये.

पण माणूस सकाळी लकवा घेऊनच उठला तर? तेव्हा एमआरआय कामाचा. त्याच्या एका चित्रात इजा काही मिनिटांतच दिसते, दुसऱ्यात काही तासांनी. पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही, म्हणजे इजा ताजी. अशांनाही इंजेक्शनचा फायदा होतो, हे २०१८ साली युरोपातील अभ्यासात दिसले. पूर्ण एमआरआयला वीस-तीस मिनिटे लागतात. फक्त गरजेची चित्रे घेतली तर सहा-सात मिनिटांत काम होते.

बाकीची मिनिटे घरच्यांच्या हाती. १०८ ला फोन करा. जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र वाटेतच काढा. पेसमेकर किंवा शरीरात धातूची पट्टी असल्यास आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे पाकीट सोबत घ्या. रुग्ण शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, हे डॉक्टर सर्वांत आधी विचारतील.