नागपूरच्या आवारात सहा मंडळ्या

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कथीड्रलच्या आवारात वेगवेगळ्या मंडळ्यांच्या धर्मसेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्या दिवसापासून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आली. आपल्याकडे सगळे तिला सीएनआय म्हणतात. तिच्यात सहा मंडळ्या आल्या: अँग्लिकन; प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून आधीच एक झालेली युनायटेड चर्च; बॅप्टिस्ट; ब्रदरन; ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट; आणि डिसायपल्स.

हे भेद आपल्या लोकांनी निवडलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकात परदेशी मिशनांनी मुलूख वाटून घेतला. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने शिरायचे नाही, असा त्यांचा सर्वसाधारण समझोता. म्हणून नगरकडचा ख्रिस्ती बहुधा अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे काँग्रिगेशनल, कोल्हापूरचा प्रेस्बिटेरियन, नागपूरला स्टीफन हिस्लॉप आले म्हणून तिथे स्कॉटिश मंडळी. नगर जिल्ह्यात तर इंग्लंडचे एसपीजी हे अँग्लिकन मिशनही उतरले आणि तिथे समझोता टिकला नाही. आजोबांना आधी कोणता पाद्री भेटला, यावर नातवाचा पंथ ठरला. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधली जुनी भांडणे आपल्या वाडीवस्तीवर वारशाने आली, ती अशी.

याची बोच इथल्या माणसांना फार आधीपासून होती. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया या तमिळ धर्मसेवकाने भर सभेत मिशनऱ्यांकडे मैत्री मागितली, बरोबरीची. १९१७ मध्ये भक्तिपदे रचणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांत टिळक गेले, दरबार फार वाढला नाही. तरी पंथांची कुंपणे ओलांडणारी ही मराठी धडपड नागपूरच्या सोहळ्याच्या अर्धशतक आधीची आहे, हे विसरू नये.

उत्तरेतल्या एकीकरणाची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली. तेव्हापासून नागपूरपर्यंत एकेचाळीस वर्षे लागली. मसुदा निघायचा, मंडळ्यांकडे जायचा, हरकती घेऊन परत यायचा. दक्षिणेतल्या मंडळ्या २७ सप्टेंबर १९४७ लाच मद्रासमध्ये एक झाल्या होत्या. त्यांनी ठरवले, की आहेत ते सगळे पाळक जसेच्या तसे मान्य. पुढची दीक्षा मात्र बिशपांच्या हातून होईल. ज्यांना बिशपांकडून दीक्षा नव्हती असे पाळकही त्यात आले, म्हणून इंग्लंडच्या चर्चने त्या मंडळीशी पूर्ण संबंध ठेवायला पुष्कळ वर्षे काचकूच केली. उत्तरेने यातून धडा घेतला. सुरुवातीलाच सगळ्या मंडळ्यांच्या पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे. प्रार्थनेचे शब्द असे योजले, की ज्याला जे हवे ते देव जाणतो, ते त्याने द्यावे. कुणाची आधीची दीक्षा अपुरी होती का, यावर त्या शब्दांत एक अक्षर नव्हते. काहींनी याला पळवाट म्हटले. मला ती नम्रता वाटते. आपल्याला जे ठरवता येत नाही ते देवावर सोपवून दुसऱ्यापुढे मान वाकवायची, याला धैर्य लागते.

बाप्तिस्म्याचा पेच याहून अवघड होता. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात, पाळक कपाळावर पाणी घालतो. बॅप्टिस्टांच्या मते विश्वास ज्याचा त्याने स्वतः कबूल करायचा, आणि मग पाण्यात पूर्ण बुडून बाहेर यायचे. दोघेही शास्त्राचाच आधार देतात. नागपूरच्या योजनेने दोन्ही रीती ठेवल्या. बालकाला बाप्तिस्मा देणे एखाद्या पाळकाच्या मनाला पटत नसेल, तर त्याच्यावर सक्ती नाही. त्या कुटुंबासाठी दुसरा पाळक यावा. जगात बॅप्टिस्ट आणि अँग्लिकन अशा एका छताखाली आल्याची उदाहरणे फार थोडी. म्हणूनच जिनिव्हाच्या वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसपासून सगळीकडे जिथे जिथे ऐक्याची चर्चा झाली, तिथे नागपूरचे नाव निघाले. ही एकच मंडळी आज अँग्लिकन, मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड अशा तिन्ही जागतिक परिवारांत बसते.

सगळे आले मात्र नाहीत. अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी बोलण्यांत होती, पण सोहळ्याला थोडेच महिने उरले असताना तिने माघार घेतली. ती आजही वेगळी आहे. गुजरातेत ब्रदरनांपैकी काहींनी विलीनीकरण मानले नाही. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल सीएनआयच्या विरुद्ध लागला. प्रार्थनेने माणसे जोडली तरी सातबारा आपोआप जोडला जात नाही. मंडळीच्या भल्याचा विचार करणाऱ्याने हे दुखणे झाकून ठेवू नये.

मला हे ऐक्य सर्वांत जवळून दिसते ते प्रभुभोजनाच्या मेजावर. जुन्या अँग्लिकन वळणाच्या देवळात चांदीचा एकच प्याला रांगेतून फिरतो. प्रत्येक घोटानंतर पाळक पांढऱ्या रुमालाने त्याची कड पुसतो आणि प्याला थोडा फिरवून पुढच्याच्या ओठांना लावतो. काँग्रिगेशनल वळणाच्या देवळात भोके पाडलेल्या थाळीत अंगठ्याएवढे काचेचे प्याले येतात आणि सगळे मिळून एकदम पितात. मग लाकडी बाकांवर रिकामे प्याले ठेवल्याचा बारीक टकटकाट होतो. दोन्ही देवळांवरची पाटी सीएनआयचीच. आणि दोन्हीकडे म्हाताऱ्या बायका ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडतात, पण टिळकांचे पद लागले की पुस्तकाकडे बघत नाहीत. ती पदे १९७० च्या कितीतरी आधीपासून दोन्हीकडच्या बाकांवर पाठ होती.