माझे आवडते वाद्य

संगीत मुळीच आवडत नाही असा माणूस विरळाच. पण संगीत आवडणे वेगळे आणि एखादे वाद्य आवडणे वेगळे. वाद्याच्या आवडीत कानाइतकाच आपल्या घराचा, गावाचा आणि आपल्या माणसांचाही वाटा असतो. हे मला कळले ते प्रथम वर्षाला असताना. एका तासाला सरांनी प्रत्येकाला त्याचे आवडते वाद्य विचारले. कोणी बासरी म्हणाले, कोणी गिटार, कोणी तबला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "सतार." खरे सांगायचे तर तोवर मी सतार फक्त चित्रात आणि मोबाइलवर पाहिली होती. आमच्या घरी खुंटीला जे वाद्य टांगलेले होते, त्याचे नाव घेण्याची मला लाज वाटली. ते वाद्य म्हणजे डफडे. प्रस्तुत लेख ही त्या दिवशीच्या खोट्या उत्तराची दुरुस्ती समजावी.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तारेचे ते तत, फुंकरीचे ते सुषिर, कातड्याने मढवलेले ते अवनद्ध आणि धातूवर धातू आपटून वाजणारे ते घन. ग्रंथ प्राचीन असला तरी आपल्या राळेगाव तालुक्यात आजही हे चारही वर्ग सापडतात. परधानांची किंगरी हे तत वाद्य, लग्नातली सनई हे सुषिर, डफडे, ढोलकी व खंजिरी ही अवनद्ध आणि भजनातले टाळ हे घन. यांतील किंगरीकडे पाहिले की वाद्य लोकांना का प्रिय होते याचे एक कारण लगेच सापडते. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. गजाने वाजवायच्या किंगरीच्या साथीने ते गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा गातात. ज्या समाजाचा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या कागदावर नव्हता, त्याचा इतिहास या वाद्याच्या सोबतीने टिकला. अशा वाद्यावर माणसे प्रेम करतील नाही तर काय?

दुसरे कारण खंजिरीत दिसते. आपल्या विदर्भात खंजिरी म्हटले की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजच डोळ्यांसमोर येतात. त्यांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक झाली आणि १९६८ मध्ये ते निवर्तले. एवढ्या मोठ्या कार्यात त्यांच्या हाती होती ती एक लहानशी खंजिरी. ती काखेत मारून मैलोगणती चालता येते. तिला बैठक लागत नाही, व्यासपीठ लागत नाही. टाळी वाजवता येते त्या माणसाला खंजिरी आपली वाटते. जे वाद्य गरिबाच्या आवाक्यात असते आणि त्याला समूहात सामील करून घेते, ते लोक सोडत नाहीत.

तिसरे कारण आपल्या भजनी मंडळातील पेटीचे. पेटी मूळची आपली नव्हे. ती युरोपातून आली. तिचे स्वर बांधलेले असतात, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, असा जाणकारांचा आक्षेप होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. पण या तीस वर्षांत भजनातून कोणी पेटी बाहेर काढली नाही. कारण उघड आहे. दिवसभर शेतात राबून आलेल्या आणि गाणे न शिकलेल्या माणसाच्या आवाजाला ती आधार देते. विद्वानांनी नापसंत केले म्हणून लोकांचे प्रेम कमी होत नाही, हे पेटीने दाखवून दिले.

आता माझ्या डफड्याकडे वळतो. लाकडाच्या गोल कड्यावर बकरीचे ओले कातडे ताणून बसवतात. वाळले की ते घट्ट होते. वाजवताना एका हातात बारीक लांब काडी आणि दुसऱ्या हातात जाड टिपरू असते. जाड टिपरू ठेका धरते, काडी त्यात नक्षी भरते. हवेत ओल असली की कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून वाजवण्यापूर्वी पऱ्हाट्यांचा जाळ करून डफडे शेकतात. ओल उडते, ताण वाढतो, कंपने जलद होतात आणि आवाज चढतो. पोळा येतो ऐन पावसाळ्यात, त्यामुळे पोळ्याला बाबांना दोनतीनदा तरी डफडे शेकावे लागते. लहानपणी जाळाला पऱ्हाट्या लावण्याचे काम माझे असे.

तबल्याला शाई असते, डफड्याला नसते. या शाईचे महत्त्व सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी अभ्यासून १९२० साली मांडले. साध्या कातड्यातून मुख्य कंपनाबरोबर जी उपकंपने उठतात ती मुख्य कंपनाच्या पूर्ण पटीत नसतात, त्यामुळे कानाला नेमका स्वर सापडत नाही. शाईच्या वजनाने ती जवळजवळ पूर्ण पटीत येतात आणि तबला सुरात बोलतो. म्हणजे डफड्यात स्वर शोधणे व्यर्थ. पण ते मैफलीसाठी नाहीच. ते उघड्या रानात, दूरवर निरोप पोहोचवण्यासाठी आहे. आमचे आबाजी घरात बसल्या बसल्या दुरून येणाऱ्या आवाजावरून सांगत, की ही वरात आहे की कोणाची अंत्ययात्रा. पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात, आणि मग डफडे घुमते, तेव्हा अंगावर काटा येत नाही असा माणूस मी आपल्या भागात पाहिलेला नाही.

मग लाज कशाची? वाचकहो, ती वाद्याची नव्हती. आमच्या मातंग समाजाकडे हे वाजवणे परंपरेने आले. म्हणजे ते कला म्हणून आले नाही, काम म्हणून आले. एका गावच्या लग्नात बाबा दुपारपासून वाजवत होते. त्यांच्या ठेक्यावर सारा मांडव नाचला. जेवणाची वेळ झाली तेव्हा मात्र बाबांना आणि मला मांडवाबाहेर, सर्वांच्या शेवटी पत्रावळ मिळाली. मी तेव्हा सातवीत होतो. लोकांना डफडे आवडते, डफडेवाला आवडत नाही, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले. बाबांनी मला कधीच टिपरू हाती धरू दिले नाही. "तुह्या हातात पेन पायजे," एवढेच ते म्हणत.

पण इतिहास वेगळेही सांगतो. सनई एके काळी देवडीवर, नगारखान्यात वाजणारे वाद्य होते. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी तिला मैफलीत मानाने बसवले. २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. डफ हाती घेऊन शाहीर अमर शेख आणि आमच्याच समाजात जन्मलेले अण्णा भाऊ साठे यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखोंच्या सभा जागवल्या. कातडे तेच होते. फरक एवढाच की ते कोणाच्या हुकमावरून वाजत नव्हते. यावरून मला वाटते, वाद्याला उच्चनीचपणा नसतो, तो आपण वाजवणाऱ्यावरून ठरवतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी धीर करून बाबांना म्हणालो, "मले शिकवा." बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खुंटीवरचे डफडे काढून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवले. म्हणाले, "शिक. पन कोनं बलावलं म्हनून वाजवाले जाऊ नको. तुले वाटन तवा वाजव."

सध्या माझी काडी अडखळते. ठेका येतो, नक्षी येत नाही. तरीही आमच्या प्राध्यापक मंडळींना एक विनंती करतो. येत्या स्नेहसंमेलनात वाद्यवादन स्पर्धेची यादी लागेल तेव्हा पेटी, तबला, बासरी यांच्या खाली डफडे हेही नाव असावे. त्यापुढे पहिले नाव मी माझे लिहीन. आणि प्रेक्षकांत पुढच्या रांगेत एक खुर्ची बाबांसाठी राखून ठेवीन.