दंडाची सैल त्वचा

सुरत हे वस्त्रांचे शहर. तापीकाठच्या या शहरात लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत, आणि त्यांतील अनेकांचा चरितार्थ कापडावरच चालतो. वय झाल्यावर किंवा वजन पुष्कळ उतरल्यावर दंडाखाली लोंबू लागणारी त्वचा आजवर लांब बाहीने झाकली जाई. आता ती शस्त्रक्रियेने काढून टाकता येते. तेव्हा या शस्त्रक्रियेत काय मिळते आणि त्यासाठी काय द्यावे लागते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

त्वचेच्या आतील थरात कोलॅजन व इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. त्यांच्यामुळे ती ताणली तरी पूर्ववत होते. वयाबरोबर हे तंतू क्षीण होतात. फार दिवस चरबीच्या भाराने ताणलेली त्वचाही, चरबी गेल्यावर, पूर्वीइतकी आखडत नाही. व्यायामाने दंडाचा स्नायू बळकट होतो, परंतु लोंबणारी त्वचा त्यामुळे नाहीशी होत नाही. लेप व मालिश यांचीही तीच गत.

या शस्त्रक्रियेस ब्रॅकिओप्लास्टी म्हणतात. रुग्णास भूल देऊन शल्यवैद्य बहुधा काखेपासून कोपरापर्यंत दंडाच्या आतल्या वा मागल्या बाजूस छेद घेतात, जादा त्वचा व चरबी काढतात आणि कडा शिवून टाकतात. त्यानंतर काही आठवडे दंडावर घट्ट पट्टा बांधावा लागतो व जड वस्तू उचलता येत नाही.

त्वचेच्या शस्त्रक्रियेत काही मिळवायचे तर काही द्यावे लागते, हा जुनाच नियम आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानास पुण्याकडील एका वैद्याने कपाळाची त्वचा वळवून नवे नाक करून दिले. त्याचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला. नाक मिळाले, पण कपाळावर व्रण राहिला.

दंडाच्या बाबतीतही व्रण जन्मभर राहतो. तो कालांतराने फिकट होतो, तथापि आपल्याकडील सावळ्या त्वचेत तो जाड व उंच होण्याचा संभव अधिक. आखूड बाही घालण्याच्या इच्छेने शस्त्रक्रिया करणाऱ्या स्त्रीने हे आधीच जाणावे. जवळच्या मज्जातंतूस इजा झाल्यास हाताच्या आतल्या बाजूस बधिरपणा येतो. तंबाखू व अनियंत्रित मधुमेह यांमुळे जखम भरण्यास विलंब लागतो. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील ग्रंथी काढल्या असतील, तर हात सुजण्याची भीती असते.

मात्र ही केवळ हौस असते असे नव्हे. वजन फार उतरलेल्या माणसाच्या त्वचेच्या घड्यांत सुरतेच्या दमट उकाड्याने घाम साचून पुरळ उठते व कातडे सोलवटते. अशांस या उपायाने खरा आराम पडतो.

शस्त्रक्रियेपूर्वी वजन काही महिने स्थिर असावे. शल्यवैद्याने प्लॅस्टिक सर्जरीचे शिक्षण घेतले आहे काय, त्याची वैद्यक परिषदेत नोंद आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा. निव्वळ सौंदर्यासाठीचा खर्च आयुष्मान भारत योजनेतून मिळत नाही, हेही ध्यानी ठेवावे. त्याच शल्यवैद्याने पूर्वी केलेल्या रुग्णांच्या व्रणांची छायाचित्रे पाहून, घरच्यांशी विचारविनिमय करून, मगच होकार द्यावा. काढलेली त्वचा परत लावता येत नाही. होकार मात्र चार महिने लांबविता येतो.