गियाँ-बारे सिंड्रोम

गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) हा मेंदू व मज्जारज्जू यांच्या बाहेरील चेतातंतूंचा तीव्र, स्वयंप्रतिरक्षित आजार आहे. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच चेतातंतूंवर हल्ला करते आणि काही दिवसांत हातपाय लुळे पडू शकतात. जॉर्ज गियाँ, झाँ-अलेक्सांद्र बारे व आंद्रे स्त्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांच्या अशा आजाराचे वर्णन केले. स्त्रोल यांचे नाव मात्र पुढे गळून गेले.

कारण

बहुतेक रुग्णांना आधीच्या सुमारे सहा आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-खोकल्याचा संसर्ग होऊन गेलेला असतो. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू त्यात प्रमुख होय. त्याच्या आवरणातील काही रेणू चेतातंतूंवरील रेणूंसारखे असल्याने जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चेतातंतूंनाच इजा करतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता, नांदेड गाव व किरकटवाडी परिसरात, या आजाराचा उद्रेक झाला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जिवाणू आढळला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. पसरतो तो त्याआधीचा संसर्ग.

लक्षणे

मराठीत ‘अशक्तपणा’ हा शब्द थकव्यासाठीही वापरला जातो व स्नायूंतील बळ जाण्यासाठीही. जुलाबानंतर आलेला अशक्तपणा म्हणून घरचे लोक साखर-मीठ-पाणी देऊन वाट पाहतात आणि मोलाचा वेळ जातो. थकलेला माणूस कष्टाने का होईना, उभा राहतो; या आजारात इच्छा असूनही पाय साथ देत नाहीत. आरंभी तळपायांना मुंग्या येतात, कधी पाठ दुखते. मग जिना चढणे किंवा उकिडवे बसून उठणे जमत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते. ही दुर्बलता सहसा दोन्ही बाजूंना सारखी असते व पायांकडून वर सरकते. पुढे गुंड्या लावता येत नाहीत, घास गिळताना ठसका लागतो, चेहरा सैल पडतो. पक्षाघातात बहुधा शरीराची एकच बाजू अचानक जाते. पोलिओत ताप असतो व दुर्बलता विषम असते. एका श्वासात वीसपर्यंत अंक मोजता न येणे हे श्वसनाचे स्नायू थकत असल्याचे चिन्ह होय. मात्र ते दिसेपर्यंत थांबू नये. चढत जाणारी दुर्बलता एवढेच तातडीने अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठण्यास पुरेसे कारण आहे.

निदान व उपचार

गुडघ्यावर हातोडी मारल्यावर होणारी प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते किंवा नाहीशी होते. पाठीतून काढलेल्या द्रवात प्रथिने वाढलेली, पण पेशी जवळजवळ सामान्य आढळतात. पहिल्या आठवड्यात मात्र ही तपासणी निर्दोष येऊ शकते. चेतावहन तपासणीनेही निदानास मदत होते. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे आणि रक्तद्रव बदलणे हे दोन उपचार सिद्ध झाले असून ते पहिल्या दोन आठवड्यांत अधिक उपयोगी पडतात. केवळ स्टेरॉइडांचा लाभ होत नाही. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना कृत्रिम श्वसनयंत्र लागते. दुर्बलता दोन ते चार आठवड्यांत टोकाला पोहोचते, नंतर हळूहळू ओसरते. व्यायामोपचारांच्या साहाय्याने बहुसंख्य रुग्ण सहा महिन्यांत आधाराविना चालू लागतात. काहींना थकवा व तळपायांची बधिरता दीर्घकाळ जाणवत राहते.