सोळावं लागलं की सोळा पुरी झाली?



औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या बाजारात कुणालाही विचारा, ‘पोरगं केवढं झालं?’ ‘सोळावं लागलं बघा,’ असं उत्तर येईल. यात खोटं काहीच नाही. पण सोळावं लागलं म्हणजे पंधरा पुरी झाली. कागदावर नुसतं ‘१६’ पडलं, की एक वर्ष उगाच वाढतं. त्या एका वर्षाने केवढा घोळ होतो, ते ऐका.

इंग्रजी अमदानीत आय. सी. एस. ची परीक्षा लंडनला होत असे. उमेदवाराला वयाचा आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्यावा लागे. १८६९ साली चार हिंदी तरुण तीत उत्तीर्ण झाले. त्यांत मुंबई इलाख्याचे श्रीपाद बाबाजी ठाकूर होते आणि बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी. वयाची कमाल मर्यादा २१ वर्षांची होती.

बॅनर्जींचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. डिसेंबर १८६३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षेला बसताना त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे, चालू वर्ष धरून, वय १६ सांगितलं होतं. लंडनच्या अधिकाऱ्यांनी ते पुरं १६ धरलं. साहजिकच हिशेब २१ च्या पुढे गेला! ठाकूरांचंही वयावरूनच अडलं. दोघांची नावं यादीतून काढली गेली. वय खोटं ठरलं, की माणूसही खोटा ठरतो. मग वर्तणुकीच्या दाखल्याला काय किंमत राहणार? बॅनर्जींनी क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली. अखेर दोघांचीही नावं पुन्हा यादीत आली. पण लंडनच्या कोर्टाची पायरी चढण्याची ऐपत किती आईबापांची असते?

आपल्याकडेही जन्माची नोंद नसली, की गुरुजी अंदाजाने ‘१ जून’ लिहून मोकळे होत. म्हणून तर गावोगाव १ जूनला जन्मलेली माणसं इतकी भेटतात. शिष्यवृत्ती, नोकरी, निवृत्ती, सारं पुढे त्याच तारखेवर चालतं.

आता ही अडचण राहायला नको. मूल जन्मल्यापासून २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशाला जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे.

आणि गुरुजी, ‘कितवं लागलं?’ असं विचारून भागवू नका. दाखला मागा. तारीख अंकात लिहा, अक्षरातही लिहा, आणि आईबापांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा.