खोली रिकामी करताना



परदेशी शिकायला कसे जावे, याविषयी आता आपल्याकडे बरेच लिहिले जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, व्हिसाला कोणते कागद लागतात, बॅगेत काय न्यावे, हे सांगणारी चार माणसे भेटतात. पण परत येताना काय करावे लागते, हे मला कोणीच सांगितले नव्हते. माझे वडील भुसावळला रेल्वेत खलाशी होते, आता निवृत्त आहेत. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी परदेशी गेलेलेच नव्हते, तर सांगणार कोण? म्हणून माझे शेवटचे दहा दिवस कसे गेले ते इथे लिहिते आहे. पुढे जाणाऱ्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

मी भूगोलाची विद्यार्थिनी. दोन विद्यापीठांमधील करारामुळे ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ असे एक सत्र मला जर्मनीतील बॉन विद्यापीठात शिकता आले. तिथली फी माफ होती आणि महिन्याच्या खर्चापुरती शिष्यवृत्ती होती. पण खोली घेताना दोन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत रक्कम भरावी लागली. सहाशे युरो. त्या वेळी एक युरो नव्वद रुपयांच्या वर होता, म्हणजे सुमारे पंचावन्न हजार रुपये झाले. हे पैसे आईने बचत गटातून कर्ज काढून दिले. सहा महिने ती त्याचा हप्ता भरत होती. त्यामुळे शेवटच्या दिवसांत मुली कुठे पॅरिसला, कुठे प्राग शहराला फिरायला निघाल्या, तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आईचे पैसे परत कसे मिळतील?

कागदांची रांग

जर्मनीत एखाद्या गावात राहायला गेले की आपले नाव आणि पत्ता नगरपालिकेच्या कार्यालयात नोंदवावा लागतो. देश सोडताना तेच नाव काढावेही लागते. हे काम निघण्याच्या फार आधी करता येत नाही. घर सोडण्याआधी एक आठवडा ते सोडल्यानंतर दोन आठवडे, एवढीच मुदत असते. नाव काढल्याचा दाखला मिळतो, तो जपून ठेवावा. आरोग्य विमा बंद करायला तोच दाखला लागतो. रेडिओ-टीव्हीची वर्गणी बंद करायलाही तोच. २०२५ साली ही वर्गणी तिकडे घरटी महिन्याला १८ युरो ३६ सेंट होती. घरात टीव्ही नसला तरी ती द्यावीच लागते. नाव काढून कळवले नाही, तर आपण भुसावळात बसलेलो असतो आणि तिकडे आपल्या नावावर बिल चढत राहते.

त्यानंतर ग्रंथालय. बॉन विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय ऱ्हाईन नदीच्या काठी आहे. मी तिथेच बसून ऱ्हाईनच्या पुरांवर पंधरा पानांचा निबंध लिहिला. तिकडे नुसती लेखी परीक्षा नसते. सत्र संपल्यावर सुट्टीत असा निबंध लिहून द्यावा लागतो, आणि तो आपण स्वतः लिहिला आहे असे सही करून सांगावे लागते. मी तो दिला आणि सगळी पुस्तके परत केली. मग विभागात जाऊन गुणपत्रिका कधी मिळेल ते विचारले. ती निघायला काही आठवडे लागतात, म्हणून ती कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या ई-मेलवर पाठवायची हे लिहून दिले. हे विसरू नका. इकडच्या विद्यापीठाला गुणपत्रिका मिळाली नाही, तर सहा महिन्यांचे शिक्षण कागदावर उतरतच नाही.

एका विषयाचे गुण मात्र निघण्याआधी कळले. मी आनंदाने वडिलांना फोन केला. "बाबा, मला एक पूर्णांक सात मिळाले!"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते हळूच म्हणाले, "शंभरपैकी?"

जर्मनीत १.० हा सर्वांत चांगला शेरा, ४.० ला उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास, हे समजावून सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. ज्यांची मुले तिकडे आहेत, अशा आई-वडिलांनी हे लक्षात ठेवावे. आकडा लहान दिसला म्हणून मुलांना रागावू नये.

हळदीचा डाग

खोली देताना वसतिगृहाचा देखभाल करणारा माणूस येतो. त्याच्या हातात एक यादी असते. भिंतीला खिळ्याची भोके आहेत का, फ्रिजमधला बर्फ काढला का, न्हाणीघरातील फरशीवर पाण्याचे पांढरे थर आहेत का, किल्ल्या पूर्ण आहेत का, हे सगळे तो पाहतो आणि लिहितो. त्या कागदावर दोघांच्या सह्या होतात. जे खराब असेल त्याचे पैसे अनामत रकमेतून कापतात. आपण आत राहायला जातो त्या दिवशीही असाच कागद होतो. त्या दिवशी जो डाग आधीच होता, तो लिहून घेतला नाही, तर तो आपल्याच नावावर लागतो.

माझ्या खोलीत खिडकीजवळ एक पांढरे टेबल होते. डिसेंबरात त्यावर वरणाचे भांडे कलंडले आणि हातभर हळदीचा डाग पडला. साबणाने घासले, व्हिनेगरने घासले, डाग तसाच. टेबल नवे घ्यायचे म्हटले तर किती कापतील, या विचाराने मला झोप येईना. शेवटी आईला सांगितले. ती हसली. "अगं, हळद उन्हाला भिते. कपड्यावरची जाते ना उन्हात वाळत घातल्यावर? टेबल उन्हात सरकव."

मार्चच्या शेवटी तिकडे बरे ऊन पडते. टेबल ओढून खिडकीला लावले आणि डाग ओला करून दिवसभर उन्हात ठेवला. पहिल्या दिवशी फिका झाला, तिसऱ्या दिवशी शोधावा लागला, चौथ्या दिवशी गेला. हळदीचा पिवळा रंग प्रकाशाने तुटतो, हे विज्ञान मी नंतर वाचले. आईला ते दोरीवरच्या कपड्यांनी शिकवले होते.

तेवीस किलो

माझ्या तिकिटावर तेवीस किलोची एक मोठी बॅग नेता येत होती. सहा महिन्यांत जमलेली पुस्तकेच नऊ किलो भरली. कोणती न्यावी आणि कोणती ठेवावी, यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

फोनवर बाबा म्हणाले, "पुस्तके वेगळी पाठवू नकोस. बाबासाहेबांचे काय झाले ते ठाऊक आहे ना?" ही गोष्ट आपल्या घराघरांत माहीत आहे. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत निघाले, तेव्हा त्यांनी सामान आणि पुस्तके दुसऱ्या जहाजाने पाठवली होती. पहिले महायुद्ध चालू होते. ते जहाज बुडाले आणि पुस्तकेही गेली. याच बॉन विद्यापीठात १९२२ साली त्यांनी नाव दाखल केले होते. पण तिथला अभ्यास पुरा करता आला नाही. पैशाची ओढ होतीच. १९२३ साली ते मुंबईला परतले आणि लंडनच्या पदवीचा प्रबंध त्यांनी इथूनच सुधारून पाठवला. युरोपातील शेवटचे दिवस हे हिशेबाचे दिवस असतात, हे त्यांनाही चुकले नाही.

मी पाच पुस्तके बॅगेत घातली. उरलेली घेऊन पॉपेल्सडॉर्फर आले या झाडांच्या रस्त्यावर गेले. तिथे २००३ सालापासून रस्त्याच्या कडेला पुस्तकांचे एक कपाट उभे आहे. त्याला कुलूप नाही, राखणदार नाही. कोणीही पुस्तक ठेवावे, कोणीही न्यावे, नोंद करायची नाही. मी चार पुस्तके ठेवली. मागे वळून पाहते तो एक आजी त्यातले एक चाळत उभ्या होत्या. आपल्या विहारांच्या ओट्यावर असे एक कपाट ठेवायला किती खर्च येईल, हा विचार तेव्हापासून माझ्या मनात आहे.

रविवार, ३० मार्च

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. त्या दिवशी भिंतीला भोक पाडायचे नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या टाकीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. म्हणून जे काय आवरायचे ते शनिवारपर्यंत. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर तिकडे २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की पैसे परत. माझ्या पलंगाखाली ३७ बाटल्या निघाल्या. सव्वानऊ युरो आले. तीन-चार बाटल्या मी रस्त्यावरच्या कचरापेटीच्या बाजूला उभ्या करून ठेवल्या. तिकडेही गरीब माणसे बाटल्या वेचून पोट भरतात. त्यांना पेटीत हात घालावा लागू नये, म्हणून लोक बाटल्या बाहेर ठेवतात. श्रीमंत देशातही कचरा वेचणारा माणूस असतो, हे मी तिथे पाहिले. आणि त्याचा हात घाण होऊ नये म्हणून थांबणारी माणसेही पाहिली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास पुढे करतात. हिवाळ्यात भारत जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतो, त्या दिवसापासून साडेतीन तास. मी रोज तिकडच्या साडेचारला, म्हणजे आपल्याकडच्या रात्री नऊला, घरी फोन करीत असे. त्या दिवशीही साडेचारला केला. कोणी उचलेना. पाच वेळा केला. उद्या निघायचे आणि आज घरी फोन लागत नाही! काय काय मनात आले ते सांगत नाही. तासाभराने आईचाच फोन आला. ती विहारात गेली होती, फोन घरी. "तुझी वेळ तर आता झाली," ती म्हणाली. तिचे खरे होते. माझेच घड्याळ पुढे गेले होते.

त्याच दिवशी ईद होती. आमच्या मजल्यावर एक तुर्की मुलगी राहत होती. तिने सगळ्यांना जेवायला बोलावले. सामायिक स्वयंपाकघरात आम्ही सात देशांच्या मुली बसलो. मी कुकरला भात लावला. हा कुकर माझा नव्हे. मी आले तेव्हा तो कपाटात होता. आधीच्या कोणा भारतीय विद्यार्थ्याने ठेवला होता, आणि झाकणाला हिंदीत चिठ्ठी लावली होती, वापरा आणि पुढच्याला द्या. त्याचे नाव मला आजही माहीत नाही. त्या कुकरने माझे कितीतरी युरो वाचवले. त्या रात्री मी तो शेजारच्या इथिओपियाच्या मुलीला दिला आणि नवी चिठ्ठी इंग्रजीत लिहिली. भाताला तीन शिट्ट्या, डाळीला चार, वाफ गेल्याशिवाय उघडू नये.

किल्ली आणि खाते

सोमवारी सकाळी देखभाल करणारा आला. टेबलाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. भिंती, फ्रिज, फरशी, सगळे ठीक. पण पत्रपेटीची एक किल्ली कमी निघाली. अठरा युरो कापले जातील, असे त्याने लिहिले आणि मी सही केली.

मग त्याने एक फॉर्म पुढे केला. अनामत कोणत्या खात्यावर पाठवायची? त्यात जर्मनीतील बँकांचा बावीस अंकी-अक्षरी खातेक्रमांक मागितला होता. असा क्रमांक भारतातील बँकांना नसतो. आणि पैसे तर लगेच मिळत नाहीत, दोन-तीन महिने लागतात. माझ्या बरोबरच्या एकीने आदल्या आठवड्यातच आपले जर्मन खाते बंद केले होते. ती तिथे रडकुंडीला आली. मी मात्र खाते बंद केले नव्हते. शहाणपणामुळे नव्हे, वेळ मिळाला नाही म्हणून! पण ते बरे झाले. पुढे जाणाऱ्यांनो, ही एक गोष्ट तरी नक्की लक्षात ठेवा. अनामत जमा होईपर्यंत तिकडचे खाते बंद करू नका. मोबाईलवर ते चालू राहते, याची खात्री करून घ्या.

दुपारी ६६ क्रमांकाच्या ट्रामने सीगबुर्गला गेले. तिथून वेगवान गाडीने फ्रँकफुर्टचा विमानतळ अवघा पाऊण तास. बॉनच्या जुन्या वस्तीत चेरीच्या झाडांखाली एप्रिलमध्ये गुलाबी कमान होते, ती पाहायला लोक लांबून येतात. मी निघाले तेव्हा फुलांचा बहर यायचा होता. वाईट वाटले. पण १४ एप्रिलला मी आमच्या वस्तीत होते, मिरवणुकीत आईच्या शेजारी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर पाचशे ब्याऐंशी युरो जमा झाले. ते इकडे वळते केले आणि आईबरोबर बचत गटाच्या बैठकीला गेले. कर्जाची उरलेली रक्कम आईने एकदम भरली. अध्यक्षबाईंनी वहीत तसे लिहिले, आणि वर मान करून विचारले, "आता पुढची कोण जाणार गं?"

आमच्या कॉलेजातील एक मुलगी जाणार होती. तिला मी माझी वही दिली. त्यात हे सगळे लिहिलेले आहे, तारखांसह. वहीच्या शेवटी काही पाने कोरी ठेवली आहेत. ती तिने भरायची आणि वही पुढच्याला द्यायची, असे आमचे ठरले आहे.