नोकरी सांभाळून पदवी

आंबिवलीहून पहाटेची कसारा-सीएसएमटी लोकल पकडणाऱ्याला रोज वर्गात बसणं जमणार नाही. असं गृहीत धरूनच दूरशिक्षण चालतं. आपल्याकडे त्यासाठी दोन प्रमुख पर्याय आहेत : मुंबई विद्यापीठाचं १९७१ पासूनचं दूरशिक्षण केंद्र आणि १९८९ मध्ये स्थापन झालेलं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ.

मुक्त विद्यापीठाचा खरा आधार म्हणजे अभ्यासकेंद्र. ते बहुधा एखाद्या नेहमीच्या कॉलेजातच असतं. प्रवेशाची कागदपत्रं, संपर्कसत्रं, गृहपाठ, शंका, सगळं तिथेच. पुस्तकं शिक्षक समोर नाही असं धरून लिहिलेली असतात. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न. वीस वर्षांनी पेन हातात धरणाऱ्याला हे प्रश्न फार उपयोगी पडतात, पण नेमके तेच टाळले जातात!

संपर्कसत्रं बहुतेक सुट्टीच्या दिवशी असतात. शनिवार-रविवारीच ड्यूटी लागणाऱ्यांची पंचाईत होते, म्हणून केंद्र निवडतानाच वेळापत्रक विचारावं.

मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नोकरीसाठी नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य असते. मात्र पैसे भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षाची यूजीसीची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या यादीत स्वतः पाहा. एजंटाच्या शब्दावर विसंबू नका.